मंगळवारचा ट्रेबल

भाच्याने वायर तिसऱ्यांदा उपटली, टोकं उलटी केली आणि पुन्हा त्याच भोकांत खुपसली. वायरीची दोन्ही टोकं सारखीच असतात हे त्याला माहीत होतं. पण माणूस एकदा हवालदिल झाला की वायरीलाही बाजू मांडायची संधी देतो.

स्पीकरमधून पहिलं गाणं पुन्हा सुरू झालं. गिटार आली. त्याने डोळे मिटून ऐकली. लख्ख होती, नुकत्याच पुसलेल्या काचेसारखी. मग त्याने मोबाइल उचलून गायिकेचा निरोप पाचव्यांदा वाचला. आठही गाणी ऐकून तिने कळवलं होतं, की पहिल्या तीन गाण्यांत गिटार कानात सुया खुपसते, शेवटची तीन मात्र झकास आहेत, सगळी तशीच कर. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर ती गाणी दुसऱ्या कुणाकडे देणार होती, आणि त्याचा राग मानू नये असंही तिने लिहिलं होतं. राग मानू नये असं लिहिणाऱ्या लोकांचं बहुधा ठरलेलं असतं.

अडचण एवढीच होती, की आठांपैकी भाच्याची सगळ्यात लाडकी गाणी नेमकी पहिली तीनच होती.

रेकॉर्डिंगची खोली एका लाँड्रीच्या वर होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या, त्यातल्या एकीवर अजून कुणाच्या तरी चहाचा डाग होता. खोली भाच्याची, गिटार मामाची. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि मंगळवारी दुपारी मोकळा असायचा. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एक, याप्रमाणे आठ महिन्यांत आठ गाण्यांची गिटार झाली होती.

ती करण्याची पद्धत मामीला कधीच पटली नव्हती. मामा वाजवायचा, पण त्याची गिटार कुठल्याही अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे गिटारच्या स्पीकरमध्ये, जात नसे. वायर थेट एका पेटीत आणि पेटीतून संगणकात. असा उतरलेला कोरा आवाज म्हणजे उकडलेला बटाटा, त्यात मीठही नाही. पण बटाट्याचा फायदा असा, की नंतर त्याचं काहीही करता येतं. मॉडेलर नावाच्या एका ताटाएवढ्या यंत्रात जगभरच्या अ‍ॅम्पच्या दीडशे नकला भरलेल्या होत्या. संगणकातला कोरा आवाज बाहेर काढायचा, त्या यंत्रातून फिरवायचा आणि नटूनथटून परत आत घ्यायचा, याला री-अ‍ॅम्प करणं म्हणतात. मामी याला आधी फोटो काढून मग अंघोळ करणं म्हणे.

वाजवताना मामाला कोरा बटाटा ऐकवणं क्रूरपणाचं झालं असतं. म्हणून त्याच्या हेडफोनमध्ये मॉडेलरचा आवाज सोडलेला असे आणि संगणकात मात्र कोराच उतरे. हेडफोनमधला तो आवाज भाचा मंगळवारी सकाळी लावून ठेवायचा, मामा तीन वाजता यायचा. आठ गाणी संपल्यावर भाच्याने आठव्या महिन्याचं, सगळ्यात घोटून तयार झालेलं सेटिंग घेतलं आणि आठही गाण्यांचे कोरे आवाज त्यातून फिरवले. त्याचं म्हणणं असं, की अल्बममधली गाणी ही सख्खी भावंडं, नाकं सारखी हवीत.

आता त्यातली तीन भावंडं लोकांना टोचत होती.

वायर निर्दोष सुटल्यावर त्याने मॉडेलरला धरलं. ओळखीच्या एकाकडून तसंच दुसरं यंत्र आणून लावलं. तेही तसंच वाजलं. मग त्याने लाँड्रीवर संशय घेतला. खाली जाऊन विचारलं, की पहिले तीन महिने तुम्ही वेगळं मशीन वापरत होता का. लाँड्रीवाल्याने कारण विचारलं. भाच्याने गिटार टोचते असं सांगितलं. लाँड्रीवाल्याने सहानुभूतीने मान हलवली आणि बाहीवरचे डाग असतील तर सांगा म्हणाला.

शेवटी त्याने ऐकणं थांबवून बघायला सुरुवात केली. संगणक आवाजाचा आलेख काढून दाखवतो, डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. पहिल्या गाण्याच्या कोऱ्या आवाजात उजव्या टोकाला एक ठसठशीत टेकडी होती. दुसऱ्या गाण्यात ती थोडी झिजलेली. आठव्यात टेकडी नव्हतीच, लहान मुलांच्या घसरगुंडीसारखी नुसती उतरती रेघ होती.

म्हणजे दर महिन्याला मामाची गिटार थोडी थोडी बुजत चालली होती. का, हे भाच्याने लगेच ओळखलं. मामाच्या तारा गंजल्या होत्या. नवीन तारा लावायला नकोत म्हणून मामाने एकदा जुन्या तारा पातेल्यात उकळल्या होत्या, आणि मामीने ते पातेलं त्याला वाढदिवसाला भेट देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. भाच्याने बोलावल्यावरून मामा तीन वाजता गिटार घेऊन आला, बूट काढता काढता त्याने लाँड्रीवाला आपल्याकडे दयेने का बघतो ते विचारलं. भाच्याने त्याला बसवून थेट तारांना बोट लावून पाहिलं. तारा चकचकीत होत्या. मागच्याच आठवड्यात बदलल्या, मामा म्हणाला, आणि दर दोन महिन्यांनी बदलतो, कारण घरात आता मोठं पातेलं उरलेलं नाही.

मग भाच्याचं लक्ष गिटारवरच्या छोट्या काळ्या बटणाकडे गेलं. बारीक आवाज किती उघडा ठेवायचा ते ठरवणारं, टोनचं बटण.

"मामा, हे तीनवर का आहे?"

"कुठे?"

"हे. दहापैकी तीनवर."

मामाने गिटारकडे असं पाहिलं, जणू ती शेजाऱ्यांची होती आणि ते गावाला जाताना ठेवून गेले होते.

"असेल," तो म्हणाला.

भाच्याने बटण तसंच राहू दिलं. मामा साठीला आला होता. वयाबरोबर काहींचे कान हळवे होतात, साधा चमचा पडला तरी दचकतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. तो चहा सांगायला म्हणून जिन्यात गेला आणि तिथून मामीला फोन करून आडून आडून चौकशी केली. मामाचे कान अलीकडे कसे आहेत? मामीने सांगितलं, की तिसऱ्या मजल्यावर कुणी बिस्किटाचा पुडा उघडला तरी तुझ्या मामाला तळमजल्यावर कळतं, आणि हल्ली तो पुडा तिने उघडलेला असतो. दचकतो का, असं भाच्याने विचारलं. मामी म्हणाली, दचकत नाही, वर येतो.

तरीही त्याने ठरवलं, की म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायचा. विषय काढायचा नाही. मॉडेलरवरचा ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाचा जोर, गुपचूप थोडा कमी करून ठेवायचा, म्हणजे मामाला त्रास होणार नाही आणि कळणारही नाही. तो यंत्रापुढे बसला आणि कमी करण्याआधी ट्रेबल किती आहे ते पाहिलं.

साडेआठ.

त्याला वाटलं होतं पाचाच्या आसपास असेल. तो नेहमी पाचच ठेवायचा. त्याने जुनी सेटिंग्ज उघडली. यंत्राने प्रत्येक महिन्याचं सेटिंग तारीखवेळेसकट जपून ठेवलं होतं, आपण होऊन, न विचारता, काही नातेवाईक जपतात तसं. पहिल्या महिन्यात ट्रेबल पाच. दुसऱ्यात साडेपाच. तिसऱ्यात सहा. दर महिन्याला अर्धा अर्धा करत आठव्यात साडेआठ. इतक्या शिस्तीने त्याने आयुष्यात दुसरं काहीच केलं नव्हतं.

पहिला विचार मामाचाच आला. हा माणूस एका हाताने इकडे ट्रेबल वाढवतो, दुसऱ्या हाताने तिकडे गिटार बंद करतो, असं कसं? मग त्याने वेळा वाचल्या. मंगळवार, सकाळी दहा चाळीस. मंगळवार, सकाळी दहा पंचावन्न. मंगळवार, अकरा पाच. त्या वेळी मामा गावभरच्या लिफ्टच्या खड्ड्यांत उतरलेला असतो. खोलीची किल्ली एकच होती आणि ती आत्ता भाच्याच्या पँटच्या खिशात टोचत होती.

त्याला त्या सकाळी आठवल्या. फार काही नसायचं त्यात. यंत्र चालू करायचं, जुनं सेटिंग ऐकायचं, आज जरा मंद वाटतंय म्हणायचं आणि बटणाला नखभर ढकलायचं. प्रत्येक वेळी मंद वाटणारं ते यंत्रच होतं.

त्याने एका बाजूला सेटिंग्ज लावली, दुसऱ्या बाजूला कोऱ्या आवाजांचे आलेख. दुसऱ्या महिन्यात सकाळी ट्रेबल चढला, दुपारी टेकडी झिजली. तिसऱ्यात सकाळी चढला, दुपारी झिजली. आधी कोंबडी की आधी अंडं हा प्रश्न जगाला सुटलेला नाही, कारण दोघांपैकी कुणीच तारीख टाकून सेव्ह केलेलं नाही. इथे तारीख होती. सकाळ आधी येते, दुपार नंतर.

मामा गादीवरचा चहाचा डाग निरखत बसला होता.

"मामा, हेडफोन घाल. मी पण घालतो. बटण दहावर कर आणि वाजव."

"दहावर कशाला?"

"बघायचंय."

"तीनवर बरं वाजतंय की."

"मामा."

मामाने बटण फिरवलं, पण अगदी सावकाश, झोपलेल्या माणसाच्या हातातून पेपर काढून घ्यावा तसं. मग पहिल्या गाण्याची सुरुवात वाजवली. भाचा त्याच्याकडे बघत होता. पहिल्याच सुराला मामाचा उजवा डोळा आपोआप मिटला. दुसऱ्याला उजवा खांदा कानाकडे सरकला. तिसऱ्याला त्याने ओठ दाबले, पण वाजवणं थांबवलं नाही, कारण भाच्याने बघायचंय असं म्हटलं होतं.

भाच्याच्या कानात गिटार लख्ख होती, काचेसारखी. अगदी हवी तशी.

त्याने हात वर केला. मामा थांबला आणि खांदा खाली आला.

गायिकेच्या दाताची गोष्ट भाच्याला आत्ताच का आठवावी कोण जाणे. चौथ्या गाण्याच्या वेळी गायिकेने तक्रार केली होती, की रेकॉर्डिंगमध्ये तिचा 'स' सापासारखा फुत्कारतो. नवीन बसवलेल्या दातामुळे असेल, असं तिलाच वाटलं. भाच्याला कसलाही फुत्कार ऐकू आला नव्हता. पण बाईमाणसाच्या दातावर आपण कशाला मत द्या म्हणून तो हो म्हणाला होता. तिने दात डॉक्टरकडून दोनदा घासून घेतला. आता तिला सफरचंद खाता येत नव्हतं, आणि 'स' तसाच होता.

"कधीपासून?" भाच्याने विचारलं.

"दुसऱ्या गाण्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

मामाने गिटार मांडीवरून उतरवून भिंतीला टेकवली, घसरत नाही ना हे दोनदा पाहिलं.

"लिफ्टमध्ये माणूस अडकला की मी वरून आधी विचारतो, पंखा चालू आहे का, जेवून निघालात की जेवायचंय अजून. तुम्ही अडकलात, असं नाही सांगत. त्याला ते माहीत असतं."

"मला माहीत नव्हतं."

मामाने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"मला वाटलं, तुला तसाच आवडतो," तो म्हणाला. "हल्लीच्या मुलांना आवडतो तसा. म्हटलं, माझ्याकडचं बटण माझ्या हातात आहे, कशाला उगाच."

"मलाही तसंच वाटलं."

"कसं?"

"की मला तसाच आवडतो."

भाचा एकोणतीस वर्षांचा होता. त्यातली सात वर्षं त्याने ड्रम वाजवले होते, आणि पुढची चार मोकळ्या मैदानांवर कपाटाएवढ्या स्पीकरांच्या शेजारी उभं राहून आवाज बरोबर येतोय का ते पाहिलं होतं. तेव्हा बरोबर यायचा. कानात घालायच्या फोमच्या गोळ्या त्याच्याकडे तेव्हाही होत्या आणि आत्ताही होत्या. खोलीच्या खिडकीची काच खडखडू नये म्हणून त्या चौकटीत कोंबलेल्या होत्या. काचेला त्यांचा चांगला गुण आला होता.

पुढचे दोन तास त्यांनी उलट्या पद्धतीने काम केलं. पहिल्या गाण्याचा कोरा आवाज भाच्याने पुन्हा यंत्रात सोडला आणि ट्रेबल एकेक नख खाली आणत गेला. मामा हेडफोन घालून समोर बसला. भाच्याने त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं, की बरं वाटलं की हात वर कर. साडेआठपासून सातपर्यंत मामाचा खांदा कानाशी होता. सहावर तो उतरला. पाचाच्या जरा खाली मामाने हात वर केला आणि वर केल्याबद्दल ओशाळून लगेच खाली घेतला.

भाच्याने तिथे थांबून ऐकलं. कुणीतरी गिटार गोधडीत गुंडाळून, गोधडी पेटीत ठेवून, पेटीवर बसून वाजवतंय असं वाटत होतं.

"नक्की?"

"नक्की."

"यात सगळं ऐकू येतंय तुला? बोट सरकल्याचं, तार सोडल्याचं?"

"सगळं. दुसऱ्या ओळीत माझं नख लागलंय, तेसुद्धा."

भाच्याने दुसरी ओळ तीनदा लावली. नंतर चौथ्यांदा, कान स्पीकरला लावून. मामा मध्येच म्हणाला, की फार बारीक आहे ते, कुणालाच ऐकू येणार नाही. भाच्याने त्याच्याकडे पाहिलं, मामाने डागाकडे पाहिलं. भाच्याने सेव्ह केलं.

बाकीची दोनही तशीच करून संध्याकाळी त्याने तिन्ही गाणी पाठवून दिली. नेहमीसारखी एकदा सगळी ऐकून नाही, नुसतीच. बुधवारी सकाळी गायिकेचं उत्तर आलं, आता कसं. पुढे एक हसरा चेहरा होता, दात दाखवणारा. गाणी त्याच्याकडेच राहिली होती, आणि तिला नेमकं काय आवडलं ते विचारायची सोय नव्हती. तो ती तीन गाणी दुपारपर्यंत लावून बसला. न येणाऱ्या भाषेतलं पत्र बघावं तसं, चिडून नाही, जरा आश्चर्याने. तिथे काहीतरी लिहिलेलं होतं. इतर लोक ते सहज वाचत होते.

दुपारी मामाचा फोन आला. आपल्याला गुरुवारी कान तपासायला जायचंय, मामा म्हणाला, वय झालं, मामी मागे लागलीये, एकट्याला कंटाळा येतो, तू चल सोबत. भाचा म्हणाला, बिस्किटाचं काय? मामा म्हणाला, कसलं बिस्किट? मग भाचा येतो म्हणाला.

दवाखान्यातल्या मुलीने पेशंट कोण असं विचारलं. मामाने भाच्याकडे पाहिलं, भाच्याने मामाकडे. मुलीने दोन कागद काढले. आधी मामा आत गेला आणि दहा मिनिटांत बाहेर आला. चाचणी घेणाऱ्या बाई त्याच्या मागोमाग येऊन म्हणाल्या, या वयात असे कान त्यांनी पाहिले नव्हते. मामा चोरी पकडल्यासारखा उभा राहिला, आणि काका, काही वाईट नाही यात, असं त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

मग भाचा. आतली खोली त्याला ओळखीची वाटली. भिंतींना फोम होता, फक्त नवीन आणि बिनडागाचा. बाईंनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटणाची दांडी दिली आणि सांगितलं, की अगदी बारीक का होईना, आवाज आला की दाबायचं. मग त्या काचेपलीकडे जाऊन बसल्या.

जाड आवाज आले, तो दाबत गेला. मधले आले, तो दाबत गेला. त्याला थोडी उमेदही वाटायला लागली. मग आवाज बारीक होत गेले, त्यांच्यामधलं अंतर वाढत गेलं, आणि एका वेळी त्याच्या लक्षात आलं, की बराच वेळ काही आलेलं नाही.

त्याने काचेकडे पाहिलं. बाईंची मान खाली होती, पण उजवा कोपर दिसत होता. कोपर हलला. त्याला काहीही ऐकू आलं नाही. त्याने दाबलं.

बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. कोपर पुन्हा हलला. त्याने पुन्हा दाबलं. बाईंनी टिपलं. हे फार सोपं होतं. असं दाबत गेलं तर शेवटी त्याचे कान मामाच्या कानांशेजारी बसले असते, कागदावर. त्याला खोली दिसली, यंत्र दिसलं, येणाऱ्या मंगळवारची सकाळ दिसली. कोपर तिसऱ्यांदा हलला आणि त्याचं बोट बटणावर तसंच राहिलं.

त्याने हेडफोन काढले आणि काचेवर टकटक केलं. बाई उठून दारात आल्या.

"ताई, खुर्ची भिंतीकडे फिरवून बसलो तर चालेल?"

"चालेल. का?"

"इथून तुमचा हात दिसतोय."

बाईंनी एकदा आपल्या कोपराकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. आत जाऊन त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला.

त्याने खुर्ची फिरवली, हेडफोन चढवले, बटणावर अंगठा ठेवला. समोर आता नुसता करडा फोम होता. त्यात बारीक बारीक भोकं होती, आणि त्यांतून काही येतंय का ते बघत तो कान टवकारून बसला.

बराच वेळ काही झालं नाही. निदान काचेच्या या बाजूला.